स्टुडिओतला उजेड आणि आपला रंग

(बी. ए. भाग २)

आपल्या वार्षिकांकात छायाचित्रणावर कुणी लिहिले तर ते टिपेश्वरच्या वाघावर किंवा सहस्रकुंडच्या धबधब्यावर असेल, अशी वाचकांची अपेक्षा असते. मला लिहायचे आहे ते अर्जावर चिकटवायच्या पासपोर्ट फोटोवर. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, एस. टी.चा पास, परीक्षेचे ओळखपत्र, बँकेचे पासबुक, अशा किती ठिकाणी तो आपण चिकटवतो! परंतु त्या फोटोत आपण आपल्यासारखे दिसतो का, हा प्रश्न आपण कुणालाच विचारत नाही. फोटो काढणाऱ्यालाही नाही आणि स्वतःलाही नाही. तो विचारला पाहिजे असे मला वाटते. आणि त्याचे उत्तर बरेचसे कॅमेऱ्याच्या बाहेर, स्टँडवर उभ्या असलेल्या दिव्यांत आहे, असे माझे मत आहे.

हे सांगण्याचा तुला अधिकार काय, असे कुणी विचारील. मी शिक्षणासाठी मामांकडे राहते. तालुक्याच्या गावी मामांचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. कॉलेज सुटले की मी तिथे बसते. पावत्या फाडते, फोटो कापते, आणि गेल्या दीड वर्षापासून दिवे लावून फोटोही काढते. आईवडील चौथीच्या पुढे शिकले नाहीत, मामा दहावीपर्यंत गेले. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिली. पुस्तकांतले जे थोडेफार कळले ते इथल्या गुरुजनांमुळे आणि उजेडातले जे कळले ते मामांमुळे. तरीही या लेखात मामांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. तो त्यांना ठाऊक आहे, आणि "लिही बाई, खुशाल लिही" असे म्हणून त्यांनी परवानगीही दिली आहे.

प्रथम हे दिवे म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर जो इवलासा फ्लॅश असतो तो भिंगाच्या अगदी शेजारी. त्याचा उजेड सरळ तोंडावर आदळतो. नाक, गाल, कपाळ सगळे एका पातळीत येते आणि मागे भिंतीवर काळी सावली उमटते. स्टुडिओतला फ्लॅश मात्र वेगळ्या स्टँडवर उभा असतो. तो बाजूला नेता येतो, वर चढवता येतो, जवळ किंवा दूर करता येतो. त्याच्यापुढे पांढरी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावला की उजेडाचे तोंड मोठे होते आणि सावलीची कड मऊ होते. पूर्वी तो कॅमेऱ्याला तारेने जोडत. आता कॅमेऱ्यावर एक लहान रेडिओ ट्रिगर बसवतात. मामांजवळ फिल्मच्या काळातले दोन जुने फ्लॅश आहेत. तसले काही फ्लॅश तारेने सरळ डिजिटल कॅमेऱ्याला जोडले तर त्यांचा दाब, क्वचित शंभर-दोनशे व्होल्टच्याही वर, कॅमेऱ्यातली नाजूक यंत्रणा जाळू शकतो. म्हणून तेही ट्रिगरनेच चालवायचे, असा आमच्याकडे नियम आहे.

आता यातली मुख्य गोष्ट. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. शटरचे दोन पडदे असतात. पहिला पूर्ण उघडला आणि दुसरा अजून सुटला नाही, अशा क्षणी तो चमकला पाहिजे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत ही मर्यादा सेकंदाच्या १/१६० ते १/२५० भागाच्या दरम्यान असते. त्याहून वेगाने फोटो काढला तर फोटोवर काळा पट्टा येतो. पण त्या मर्यादेच्या आत शटर थोडे मागेपुढे केले तरी चेहऱ्यावरचा फ्लॅशचा उजेड बदलत नाही. तो बदलतो चार गोष्टींनी: फ्लॅशची शक्ती, त्याचे अंतर, भिंगाचे अ‍ॅपर्चर आणि आयएसओ. या चारही गोष्टी फोटो काढणाऱ्याच्या हातात असतात. म्हणजे चेहरा किती उजळ यायचा हे कुणीतरी ठरवत असते. "फोटोच तसा आला" असे आपण म्हणतो, ते खरे नाही. फोटो आपोआप येत नाही, तो आणलेला असतो.

मग आमच्याकडे तो कसा आणला जातो?

स्टुडिओच्या भिंतीवर मामांनी मार्करने लिहून ठेवले आहे: एफ ८, १/१२५, आयएसओ १००. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत. स्टूल इथे, दिवे तिथे. चेहऱ्याजवळ मीटर धरून एकदा मोजले आणि तो आकडा कायम केला. या मापात गोरा माणूस गोरा येतो, सावळा सावळा येतो आणि काळा काळा येतो. मला हे माप अतिशय न्याय्य वाटते, कारण ते माणसाचा रंग विचारत नाही. त्याच्यावर किती उजेड पडला एवढेच विचारते.

परंतु भिंतीवरचे माप भिंतीवरच राहते. समोर सावळे गिऱ्हाईक बसले की दिव्याची शक्ती एक स्टॉप वाढते. अधिक काळे बसले की दोन स्टॉप. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, दोन म्हणजे चौपट. एवढ्याने भागले नाही तर संगणकावर आणखी उजळवायचे, गालांवरून मऊ बोळा फिरवायचा, आणि चार पासपोर्ट फोटो कापून पाकिटात घालायचे. यात मामांचा दोष मी फारसा मानत नाही, कारण लोक स्वतःच येऊन सांगतात. पोरीला घेऊन आलेली आई मला दाराशी बोलावून हळूच म्हणते, "बाई, फोटो जरा गोरा काढजा वो. पाव्हण्यायले दाखवाचा हाय." त्या मुलीच्या तोंडाकडे तेव्हा माझ्याने पाहवत नाही. फोटो काढायच्या आधीच तिला कळलेले असते की, आहे तो चेहरा चालणार नाही.

असा फोटो स्थळाकडे जातो. मग पाहुणे येतात आणि फोटोतली मुलगी त्यांना घरात सापडत नाही. फोटोने जो रंग उसना दिला त्याची परतफेड त्या मुलीला भर बैठकीत खाली मान घालून करावी लागते. फोटो गोरा काढून आपण तिच्यावर उपकार करतो, असे आईला वाटते, मामांना वाटते. मला वाटते, आपण तिच्या नावाने कर्ज काढतो.

कुणी म्हणेल, रंगाचे हे वेड जुनेच आहे, त्याला बिचारा फ्लॅश काय करणार? मान्य आहे. गोरेपणाचे ते प्रसिद्ध मलम १९७५ साली बाजारात आले आणि आमच्या तांड्यांच्या, पोडांच्या किराणा दुकानांत एक-दोन रुपयांच्या पुडीतही पोचले. २०२० साली कंपनीने त्याच्या नावातला 'फेअर' शब्द काढून टाकला. नाव बदलले, मागणी राहिली. आता तर मोबाईल न विचारताच चेहरा गुळगुळीत आणि उजळ करून देतो. परंतु मलम कुणी लावावे, कुणी लावू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. फोटोचे तसे नाही. फोटो हा पुरावा म्हणून दिला जातो. ओळखपत्रावर जो चेहरा आहे तो आपला असलाच पाहिजे, नाहीतर त्याला ओळखपत्र का म्हणायचे?

आणि मुळात, काळ्या रंगाची एवढी लाज आपल्याला कुठून आली? पंढरीचा विठोबा सावळा आहे. आषाढीला लाखो माणसे त्याच्या पायी जातात. त्याला जरा उजळ करा, असे आजवर कुणी पुजाऱ्याला म्हटले नाही. आपली काळी माती, जिच्यावर हा सगळा कापसाचा जिल्हा जगतो, तीही काळी आहे म्हणूनच मोलाची. देवाचा काळा चालतो, मातीचा काळा चालतो, फक्त माणसाचा चालत नाही.

असे असले तरी सगळा दोष गिऱ्हाइकावर ढकलणे बरोबर नाही. काही दोष यंत्राच्या घडणीतच आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे.

कॅमेऱ्यातले मीटर समोरून परत येणारा उजेड मोजते आणि समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या रंगाचे असावे, असे धरून चालते. हा करडा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारा रंग. आपल्याकडचे उदाहरण घ्या. दिवाळीनंतर कुठल्याही जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी लागलेली असते. स्वयंचलित कॅमेऱ्याने तिचा फोटो काढा. कापूस मळकट येईल, कारण एवढे पांढरे पाहून कॅमेरा बिचकतो आणि उजेड कमी करतो. त्या गंजीपुढे कापूस वेचणारी बाई उभी केली तर तिचा चेहरा नुसता काळा डाग होईल. पासपोर्ट फोटोत आपण नेमके हेच करतो. मागे पांढरा पडदा आणि पुढे सावळा चेहरा. नवे कॅमेरे चेहरा शोधून मोजमाप करतात हे खरे, तरी घाईत, साध्या वेबकॅमेऱ्यावर, खिडकीकडे पाठ करून बसवलेल्या माणसाचे काय होते ते आपल्या ओळखपत्रांवर पाहावे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या माणसांचे जेवढे चेहरे यंत्रांनी टिपले तेवढे त्यापूर्वी कधी टिपले गेले नसतील. त्यांतल्या किती जणांच्या तोंडावर कुणी बेताचा उजेड पाडला असेल?

ही अडचण आपल्यापुरतीच नाही. फिल्मच्या काळात अमेरिकेतली कोडॅक कंपनी रंगांची तपासणी करण्यासाठी छपाईच्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या तरुणीचे चित्र असे आणि त्याला 'शर्ली कार्ड' हे नाव पडले होते. शर्लीचा गाल बरोबर आला की रंग बरोबर आले, असे समजत. लोर्ना रॉथ या कॅनडातील संशोधिकेने २००९ साली यावर विस्ताराने लिहिले. कोडॅकने तपकिरी छटा सुधारण्याचे मनावर घेतले ते लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्यांच्या तक्रारी आल्यावर, असे त्यांना कंपनीतल्या जुन्या लोकांकडून कळले. हे वाचले तेव्हा मला हसावे की रडावे ते कळेना. कपाटाचा रंग नीट आला पाहिजे असे म्हणणारा व्यापारी होता, माणसाचा रंग नीट आला पाहिजे असे म्हणणाऱ्याचे ऐकणारे कुणी नव्हते.

फिल्म गेली, डिजिटल आले, म्हणून प्रश्न मिटला असेही नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोघींनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती, काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. हजेरी आणि ओळख चेहऱ्यावरून घेण्याचे दिवस आले आहेत. अशा वेळी चेहरा नीट टिपला जाणे ही हौसेची बाब राहत नाही.

येथे एक शंका माझ्या मनात बरेच दिवस होती. मग काळ्या चेहऱ्यावर जास्त उजेड टाकणे वाईट कसे? तो तर उपायच झाला! याचे उत्तर मला दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात मिळाले. वर्णद्वेषी राजवटीत काळ्या माणसाला स्वतःच्या देशात फिरायला फोटो लावलेला पास बाळगावा लागे. ते फोटो काढण्यासाठी पोलरॉइड कंपनीची आयडी-२ ही यंत्रणा वापरली जाई, आणि तिच्यात फ्लॅशचा उजेड वाढवणारे एक खास बटण होते. काळा चेहरा तिथे चांगला दिसत होता, पण तो पकडण्यासाठी. १९७० साली त्याच कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स यांनी या व्यवहाराविरुद्ध आवाज उठवला. अखेर १९७७ साली कंपनीने दक्षिण आफ्रिकेतून अंग काढून घेतले. उलट बाजूचे उदाहरणही आहे. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर निघाली. तिच्याच उजेडात न्यूयॉर्कमधल्या जेकब रीस या पत्रकाराने गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढले आणि १८९० साली पुस्तकरूपाने शहरासमोर ठेवले. पुढे १९३० नंतरच्या काळात हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेचा फ्लॅश विकसित केला आणि आजचे आपले फ्लॅश त्याच वंशातले. तात्पर्य, उजेड कमी की जास्त एवढ्यावर न्याय ठरत नाही. तो कुणासाठी पाडला आणि समोरच्या माणसाला विचारून पाडला का, हे पाहावे लागते.

तर मग करायचे काय? माझे म्हणणे एका वाक्यात असे आहे: उजेड वाढवून रंग उतरवू नये, दिव्याची जागा बदलून चेहरा दाखवावा.

हे नुसते बोलणे नाही. मी ते करून पाहिले आहे. गोऱ्या चेहऱ्याचा आकार मुख्यतः सावल्यांनी कळतो, काळ्या चेहऱ्याचा आकार त्याच्यावरच्या चकाकीने कळतो. कपाळाची कड, गालाचे हाड, नाकाचा शेंडा यांवर जी झळाळी येते तीच त्या चेहऱ्याची रेघ. समोरून लहान, कडक फ्लॅश मारला की ही झळाळी पांढऱ्या ठिपक्यासारखी फुटते आणि घाम आल्यासारखे दिसते. म्हणून मुख्य दिवा बाजूला, चेहऱ्यापेक्षा थोडा वर ठेवावा आणि त्याच्यापुढे मोठी छत्री लावावी. दुसऱ्या बाजूला दुसरा दिवा निम्म्या शक्तीवर ठेवावा. तो नसेल तर पुठ्ठ्यावर चिकटवलेला पांढरा कागद किंवा ताणून धरलेले धुवट धोतरही चालते. माणसाला पडद्यापासून चार-पाच फूट पुढे बसवावे, म्हणजे त्याची सावली पडद्यावर पडत नाही. ट्यूबलाइट बंद करावी, म्हणजे हिरवट झाक येत नाही. व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर ठेवावा. माप भिंतीवरचेच. फार तर अर्धा स्टॉप पुढे, त्याहून नाही. फोटो काढल्यावर पडद्यावर आलेख पाहावा. उजवीकडच्या कडेला टेकला असेल तर चेहऱ्याचा काही भाग पांढरा होऊन गेला, असे समजावे.

हे 'जाणे' फार महत्त्वाचे आहे. अंधारात राहिलेला तपशील डिजिटल फोटोतून थोडाफार वर काढता येतो. पार पांढरा झालेला परत येत नाही, कारण तिथे काही नोंदलेलेच नसते. आमच्या भागातल्या गोंड, कोलाम आणि बंजारा समाजांतल्या म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण असते. बारीक, निळसर हिरवे. मरताना सोबत येते ते एवढेच, असे त्या म्हणतात. समोरून जास्त उजेड मारला की ते गोंदण फोटोतून साफ पुसले जाते. बाजूच्या मऊ उजेडात ते ठिपका न् ठिपका येते. एका आजीला मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. गोरा फोटो तिने बाजूला सारला आणि दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे मी हाय. ते कोण हाय?"

सगळेच असे म्हणतात, असा माझा दावा नाही. पुष्कळ जण दोन्ही फोटो पाहून पांढराच उचलतात. पण काही जण उचलत नाहीत, आणि त्यांना दुसरा फोटो आजवर कुणी दाखवलाच नव्हता. गिऱ्हाइकाला हवे ते द्यावे, हा मामांचा मुद्दा मला पटतो. माझे म्हणणे एवढेच की, निवड करायची तर दोन गोष्टी पुढे ठेवाव्या लागतात. एकच गोष्ट ठेवून "लोकांना हेच आवडते" असे म्हणणे, हा लोकांवरचा आरोप झाला.

दुसरा एक आक्षेप वर्गातल्या एका मित्राने घेतला. तो म्हणाला, "नोकऱ्या नाहीत, पऱ्हाटीला भाव नाही, आणि तू फोटोतल्या रंगाचे काय घेऊन बसलीस?" आक्षेप वजनदार आहे. परंतु आपल्या जिल्ह्याचे नाव ज्या दुःखासाठी देशभर वर्तमानपत्रांत छापून येते, त्या बातमीतला फोटो आठवून पाहावा. घरातली बाई दारात उभी असते आणि तिच्या हातात नवऱ्याची तसबीर असते. ती तसबीर कुठून आली? बहुधा एखाद्या तालुक्याच्या स्टुडिओतून. आमच्याकडेही अशी माणसे येतात. रुमालात बांधलेले मतदार ओळखपत्र काढतात आणि म्हणतात, "यावरून मोठा करून द्या, दुसरा फोटो नाही." नखाएवढा चेहरा. कधी नुसता काळा डाग, कधी नुसता पांढरा. त्याला मोठे केले तर डाग मोठा होतो. डोळे नसतातच, तर आणायचे कुठून? मग कारागीर अंदाजाने डोळे रंगवतो, केस काळे करतो, अंगात कोट घालतो. ज्याने आयुष्यात कोट घातला नाही असा बाप भिंतीवर कोट घालून, गोरा होऊन बसतो आणि लेकरे त्याला हार घालतात. पुढे नातवंडांना आजोबा म्हणून तोच माहीत होतो. गरिबाचा एकच फोटो निघतो, तो खरा निघावा, ही मागणी मला पऱ्हाटीच्या भावापेक्षा लहान वाटत असली तरी क्षुल्लक वाटत नाही.

आता आपल्या महाविद्यालयापुरते बोलते, कारण उपदेश करून थांबण्यात अर्थ नाही.

आपला स्नेहसंमेलनाचा सामूहिक फोटो पाहा. पुढे खुर्च्यांवर गुरुजन बसलेले, ते लख्ख उजळलेले. मागच्या बाकांवर उभे असलेले आम्ही विद्यार्थी अंधारात. यात कुणाचा मान-अपमान नाही, हा केवळ अंतराचा हिशेब आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. फ्लॅश पहिल्या रांगेपासून दोन मीटरवर आणि शेवटची रांग तीन मीटरवर असेल तर मागच्यांना पुढच्यांच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ४४ टक्के उजेड मिळतो. तोच फ्लॅश सहा मीटर मागे नेला तर सात मीटरवरच्या शेवटच्या रांगेला सुमारे ७३ टक्के मिळतो. दिवे मागे घ्यावेत, उंच करावेत आणि शक्ती वाढवावी, म्हणजे सगळे जण दिसतील. यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही.

माझ्या सूचना तीन आहेत.

पहिली, प्रवेशाच्या दिवसांत ओळखपत्रांचे फोटो महाविद्यालयातच काढावेत. एक खोली, एक पांढरी भिंत, दोन फ्लॅश, दोन छत्र्या आणि सगळ्यांना एकच माप. 'कमवा आणि शिका' योजनेतून हे काम विद्यार्थ्यांनाच द्यावे. संगणकावर कुणाचाही रंग बदलू नये, हा नियम दारावर लिहून लावावा.

दुसरी, या वार्षिकांकात छापले जाणारे फोटोही याच नियमाने छापावेत. बक्षीस घेणाऱ्या मुलीचा चेहरा छपाईच्या आधी उजळवण्याची गरज नाही. बक्षीस तिला तिच्या चेहऱ्यासाठी मिळालेले नसते.

तिसरी सूचना मला सर्वांत जवळची आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर दरवर्षी एखाद्या गावी जाते. आपण रस्ता करतो, शोषखड्डे खणतो, प्रबोधनाची गाणी म्हणतो. त्यात एक दिवस याचाही असावा. बॅटरीवर चालणारे फ्लॅश आता मिळतात, वीज गेली तरी अडत नाही. पोडावर किंवा तांड्यावर समाजमंदिराच्या ओसरीत एक चादर बांधावी, आणि गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारून, त्याला हवा त्या कपड्यांत, त्याच्याच रंगात त्याचा एक चांगला फोटो काढावा. छापील प्रत दुसऱ्या आठवड्यात त्याच्या हातात नेऊन द्यावी. आपल्याजवळ ठेवू नये, कुठे प्रसिद्ध करू नये. फोटो त्याचा, भिंत त्याची.

फ्लॅश चालवायला दोघे-तिघे लागतील. मला येते तेवढे मी शिकवीन, आणि मामांनी त्यांचे दोन फ्लॅश आठवडाभर द्यायचे कबूल केले आहे. मात्र जुने फ्लॅश कॅमेऱ्याला तारेने जोडायचे नाहीत, ही त्यांची अट आहे. शिबिराच्या गावाची निवड येत्या महिन्यात होईल. तेव्हा या सूचनेचा विचार व्हावा, अशी प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना नम्र विनंती आहे. ज्या मित्रमैत्रिणींना यावेसे वाटेल त्यांनी येताना घरातल्या भिंतीवरचा सर्वांत जुना फोटो एकदा नीट पाहून यावे.